‘पोलिसाला देईन हं!’

आमच्या वाड्यात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव इथे नको. आपण त्याला दिन्या म्हणू. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत त्याच्या नावावर जमा झालेले गुन्हे असे : शेजारच्या काकूंच्या फडताळातले सुटे पैसे, दोन सायकलींची हवा (ही रोजचीच), एका मांजरीच्या शेपटीला बांधलेली लवंगी माळ आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची हुबेहूब सही. शेवटच्या गुन्ह्यात कसब होतं, पण त्याला दाद कुणी दिली नाही. वाड्यात त्याला कुणी वांड म्हणे, कुणी द्वाड, कुणी नुसतंच ‘कार्टं’. त्याच्या आजीचा शब्द होता ‘खट्याळ’. कोण कुठला शब्द वापरतं, यावरून त्याचा दिन्यावर किती जीव आहे ते कळायचं.

सहीचं प्रकरण उघडकीला आलं त्या संध्याकाळी वडिलांनी त्याला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि पोलीस चौकीवर नेलं. तिथल्या ओळखीच्या हवालदाराशी आधीच बोलणं झालेलं होतं. हवालदारानं बेड्या वाजवून दाखवल्या, कोठडीचं दार करकरवलं आणि पुन्हा तक्रार आली तर थेट रिमांड होममध्ये टाकीन म्हणून दम भरला. दिन्या रडत परत आला. आठ दिवस वाडा शांत होता. नवव्या दिवशी आम्ही सगळी पोरं पारावर त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलो होतो, कारण कोठडी आतून पाहिलेला आमच्यात तो एकटाच. बेड्या किती जड असतात, आतल्या माणसाच्या दंडावर काय गोंदलेलं होतं, हवालदार कसा गुरकावला, सगळं त्यानं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या दिवसापर्यंत दिन्या वाड्यातला एक त्रासदायक मुलगा होता. त्यानंतर तो आमचा पुढारी झाला.

बागुलबुवा येईल, झोळीवाला नेईल, पोलिसाला देईन, बोर्डिंगात टाकीन. मूल वाढतं तसा धमकीतला माणूस बदलतो, धमकी तीच राहते. मराठी घरातला हा बहुधा सर्वांत जुना वर्तनोपचार. तो आपल्यापुरताच आहे असं मात्र नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहवे इथल्या तुरुंगात १९७६ साली जन्मठेपेच्या कैद्यांनी तो मोठ्या प्रमाणावर सुरू केला. वाट चुकू लागलेल्या किशोरवयीन मुलांना तुरुंगात आणायचं, कैद्यांनी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडायचं आणि आत रोज काय घडतं ते कसलाही आडपडदा न ठेवता सांगायचं. १९७८ मध्ये त्यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ नावाचा माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि राज्याराज्यांतून त्याच्या नकला सुरू झाल्या. घाबरलेली, रडणारी, ‘आता सुधारेन’ म्हणणारी मुलं पडद्यावर दिसत होती. आणखी पुरावा मागणार कोण?

रटगर्स विद्यापीठातल्या जेम्स फिन्केनॉवर यांनी तो मागितला. तुरुंगात जाऊन आलेली मुलं आणि न गेलेली तशीच मुलं यांची त्यांनी सहा महिन्यांनी तुलना केली. न गेलेल्यांपैकी ११ टक्क्यांनी नवा गुन्हा केला होता, जाऊन आलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी. नमुना लहान होता, ८१ मुलांचा, त्यामुळे एवढ्यावरून कुणी निकाल देऊ नये. पण पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हाही कल तोच निघाला : भीती दाखवून मुलं सुधारत नाहीत, उलट काही न करण्यापेक्षा ते वाईट ठरतं. हे वाचताना मला राहवेचा तुरुंग नव्हे, आमचा पार दिसत होता.

*

‘समाजविघातक वर्तन’ म्हटलं की सध्या डोळ्यांसमोर कोयता येतो. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हे शब्द इतके छापले की मिसरूड न फुटलेली पोरं आणि शस्त्र अशी जोडीच डोक्यात बसली. बालमानसोपचारतज्ज्ञाच्या दारात मात्र हा शब्द फार लहान कपड्यांत येतो : खोटं बोलणं, मारामारी, दुबळ्या मुलाला छळणं, प्राण्यांना इजा, चोरी, मोडतोड, आगी लावणं, शाळा बुडवणं, रात्री घराबाहेर राहणं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत अशी पंधरा वर्तनं दिली आहेत. त्यांपैकी किमान तीन गेल्या वर्षभरात दिसली आणि त्यांनी मुलाच्या जगण्यात खरोखर अडथळा आणला, तरच ‘वर्तनविकार’ हे निदान होतं. एक फाटकी वही आणि एक चोरलेला पेन एवढ्यावर नाही. चोरी तर ‘श्यामची आई’तल्या श्यामनंही केली होती, तीही पुस्तकांसाठी.

निदानाला आणखी एक कुंपण आहे. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी कुणालाही ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व’ असा शिक्का मारायचा नाही. ही सावधगिरी भूतदयेतून आलेली नाही, हिशेबातून आली आहे. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या बाल मार्गदर्शन केंद्राची जुनी कागदपत्रं काढली. त्या केंद्रात लहानपणी आणलेल्या ५२४ जणांचा त्यांनी तीस वर्षांनी माग काढला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. मोठेपणी जे अट्टल निघाले, त्यांचं लहानपण जवळजवळ नेहमीच त्रासाचं होतं. पण लहानपणी त्रासदायक असलेली बहुतेक मुलं मोठेपणी अट्टल निघाली नाहीत. दोन्ही विधानं एकाच कागदपत्रातून आली आणि दोन्ही खरी आहेत. आपण वर्तमानपत्र वाचताना फक्त पहिलं वाचतो, कारण आरोपीच्या गल्लीतले लोक ‘हा लहानपणापासूनच तसला’ असं वार्ताहराला सांगतात. त्याच गल्लीत लहानपणी ‘तसलाच’ असलेला आणि आज पोस्टात नोकरी करणारा माणूस वार्ताहराला कोण दाखवणार?

मग कोण सुटतो आणि कोण अडकतो? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात १९७२–७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्या माहितीच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. एका छोट्या गटाचा त्रास बालवाडीच्या वयातच सुरू होतो : भाषा उशिरा येते, लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही आणि असं अवघड मूल नेमकं पिचलेल्या, चिडलेल्या घरात वाढतं. ही वाट लांब जाते. दुसरा गट खूप मोठा. तो तेराव्या-चौदाव्या वर्षी बिघडतो आणि विशीत बराचसा सावरतो. मॉफिट यांचं स्पष्टीकरण सोपं आहे : शरीर मोठं झालेलं असतं, हक्क लहान मुलाचेच असतात. दाढी येऊ लागली, पण खिशात दमडी नाही आणि घरी दहाच्या आत यायचं. अशा वेळी नियम मोडणाऱ्या पोरांत त्याला मोठेपण दिसतं आणि तो त्यांची नक्कल करतो. या दोन मुलांनी एकाच दिवशी एकाच दुकानाची काच फोडली तरी तज्ज्ञांच्या लेखी त्या दोन वेगळ्या काचा असतात.

याच्या आधीची पिढी आईकडे बोट दाखवायची. जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये लंडनच्या केंद्रात आलेल्या ४४ बालचोरांवर लिहिलं. त्यांतल्या १४ मुलांना त्यांनी ‘माया आटलेली’ ठरवलं, आणि त्या चौदांपैकी बारा जण तान्ह्या किंवा लहान वयात आईपासून दीर्घकाळ दूर राहिलेले निघाले. मुलाच्या वागण्यामागे त्याचा इतिहास असतो हे त्या अभ्यासानं ठसवलं, हे त्याचं मोल. पण त्याची किंमत जगभरच्या आयांनी पुढे पन्नास वर्षं भरली. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाचं म्हणणं मला जास्त भावतं. ते म्हणत की चोरणाऱ्या मुलाला ती वस्तू नको असते. कधीकाळी आपल्या हक्काचं असलेलं आणि हरवलेलं काहीतरी ते शोधत असतं, म्हणून चोरी हे आशेचं लक्षण आहे. ज्या मुलानं मागणंच सोडलं, त्याची जास्त काळजी करावी. सुटे पैसे गेलेल्या काकूंना हे पटवणं कठीण, हे मान्य.

*

आजचा जाणकार समुपदेशक ‘असं का केलंस?’ हा प्रश्न सहसा लवकर विचारत नाही. मुलालाही उत्तर ठाऊक नसतं, मग ते खोटं बोलतं आणि आपण त्याला आणखी एक गुन्हा करायला लावलेला असतो. तो आधी कान, डोळे, झोप, अवधान, वाचन तपासतो. घरात मारहाण आहे का, कुणी छळतं आहे का, याचा अंदाज घेतो. मग विचारतो : हे होण्याच्या लगेच आधी काय झालं आणि लगेच नंतर काय झालं?

चौथीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला वाचता येत नाही, अक्षरं नाचतात. आज धडा मोठ्यानं वाचायची पाळी ओळीनं पुढे सरकते आहे. त्याच्या आधी तिघं उरली असताना तो शेजारच्याची कंपासपेटी खिडकीतून बाहेर भिरकावतो. बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. बाईंच्या हिशेबी ही शिक्षा झाली. त्याच्या हिशेबी सुटका झाली, शिवाय जाताना वर्ग हसला. उद्या पुन्हा वाचनाची पाळी आली की तो काय करेल, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. दुकान चालतं ते गिऱ्हाइकांवर. व्रात्यपणाचंही तसंच, त्याला कुणीतरी मोल देत असतं, आणि ते कोण देतं हे शोधणं हा या व्यवसायाचा निम्मा भाग आहे.

हे मोल सर्वांत बारकाईनं मोजलं ते जेरल्ड पॅटरसन यांनी, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावात. १९६० च्या दशकापासून त्यांची माणसं कुटुंबांच्या घरी जाऊन बसत. टीव्ही बंद, सगळे घरात, आणि निरीक्षक दर सहा सेकंदांनी टिपणार : कोण काय म्हणालं, त्यावर कोण काय करून बसलं. अशा कागदांच्या थप्प्यांतून जे चित्र निघालं ते यूजीनला लागू होतं तसं नागपूरलाही लागू होतं, म्हणून ते आपल्याच स्वयंपाकघरात मांडतो.

रात्रीचे साडेआठ. सहा वर्षांच्या बंड्यापुढे वरणभात आहे आणि हातात आईचा मोबाइल.
‘बंड्या, मोबाइल ठेव. जेव आधी.’
‘हो.’ (ठेवत नाही.)
‘बंड्या, किती वेळा सांगायचं तुला?’
‘थांब ना!’
‘ठेव म्हणते ना! बाबांना सांगू?’
बंड्या किंचाळतो, ताट ढकलतो, भात सांडतो. आई दिवसभराची दमलेली. खाली घरमालक राहतात. ती म्हणते, ‘बरं बाबा, घे, पण गप्प बस.’ बंड्या गप्प बसतो.

या दोन मिनिटांत दोघंही काही शिकले. किंचाळलं की मोबाइल राहतो, हे बंड्या शिकला. मोबाइल दिला की किंचाळणं थांबतं, हे आई शिकली. दोघांनाही लगेच बक्षीस मिळालं, म्हणून उद्या दोघं हेच करणार. परवा आई हटून बसेल, बंड्या आणखी जोरात किंचाळेल, आई एक धपाटा घालेल, बंड्या गप्प होईल. म्हणजे धपाट्यालाही बक्षीस मिळालं. पॅटरसन यांनी याला सक्तीचं चक्र म्हटलं : एकमेकांना त्रास देऊन एकमेकांकडून गोष्टी काढून घेण्याचं शिक्षण. बंड्या हे शिक्षण घेऊन शाळेत जातो. तिथली मुलं त्याला टाळतात, बाई वैतागतात. दहाव्या वर्षी त्याच्याशी खेळायला त्याच्यासारखेच उरतात. या साखळीत राक्षस कुणीच नाही, आणि म्हणूनच ती इतक्या घरांतून चालते.

आणि आपल्याकडे आजी असते. आईनं चार दिवस दात-ओठ खाऊन नियम पाळावा आणि पाचव्या दिवशी आजीनं ‘असू दे गं, लेकरू आहे’ म्हणत मोबाइल पुढे करावा. वर्तनशास्त्राचा एक जुना, पक्का सिद्धांत आहे : रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अनपेक्षित मिळणाऱ्या बक्षिसानं सवय जास्त चिवट होते. लॉटरी त्यावरच चालते.

यावरचा उपाय ऐकला की पालकांची निराशा होते, कारण तो मुलावर नसून त्यांच्यावर असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१३ मध्ये हेच नोंदवलं : तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय पालकांचं गटप्रशिक्षण; नेहमीचा इलाज म्हणून औषध नको. सिएटलच्या कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांचा अभ्यासक्रम या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध. त्याची सुरुवात शिस्तीनं होत नाही, खेळानं होते. रोज थोडा वेळ मुलासोबत बसायचं, खेळ त्याचा, नियम त्याचे. आपण शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. ‘माझं कार्टं चोऱ्या करतं आणि तुम्ही मला ठोकळे खेळायला सांगता?’ असं पालकांच्या तोंडी येणं अगदी साहजिक आहे. पण ज्या बँकेत काहीच जमा नाही तिथून काढायला गेलं की चेक परत येतो. जमा झाल्यावर मग पुढचं : सूचना एकच, छोटी, जवळ जाऊन, आणि जी पार पाडून घेता येईल अशीच. ‘किती वेळा सांगायचं?’ ही सूचना नव्हे, तो विलाप आहे. किरकोळ कटकटीकडे दुर्लक्ष, ठरलेल्या चुकीला ठरलेला, लहानसा, लगेच मिळणारा परिणाम. आणि चांगलं वागलं की तिथल्या तिथे, नेमक्या शब्दांत कौतुक.

या शेवटच्या पायरीवर मराठी माणूस अडखळतो. कौतुक केलं तर पोर डोक्यावर बसेल, नाहीतर दृष्ट लागेल. ऐंशी टक्के मिळाले तर वीस कुठे गेले, ही आपली पद्धत. ‘भांडण न करता खेळणं दिलंस, ते मला आवडलं’ हे वाक्य उच्चारताना कित्येक बापांची जीभ अडखळेल. माझी अडखळली होती. पण मुलाला लक्ष हवं असतं, आणि ते चांगल्या वागण्याला मिळत नसेल तर दुसऱ्या दुकानी मिळतं.

एक शंका मात्र बोलून दाखवायला हवी. पालक प्रशिक्षण म्हणजे व्यवहारात बहुतेकदा आईचं प्रशिक्षण. दोन पाळ्या काम करणाऱ्या, दारू पिणाऱ्या नवऱ्याशी झगडणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा संध्याकाळी वर्गात बोलावून शांतपणे सूचना द्यायला शिकवणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची पुस्तिका देणं. गरिबी, घटस्फोट, बेकारी हे मुलापर्यंत पोचतात ते आईबापांच्या रोजच्या वागण्यातून, असं पॅटरसन यांनीही लिहिलं होतं. ते वाचून कुणी फक्त वागणं दुरुस्त करायला जातं आणि गरिबी तशीच सोडतं, कारण वर्ग भरवणं स्वस्त असतं. शिवाय थोडी मुलं अशी असतातच की ज्यांना दुसऱ्याच्या रडण्यानं आतून काही होत नाही. शिक्षेचा त्यांच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. त्यांच्या बाबतीत तज्ज्ञ आता बक्षीस आणि मायेवर जास्त भर देतात, पण इथली वाट अजून पक्की झालेली नाही.

*

आता एक दुःखद गोष्ट, जी या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच सांगायला हवी. हार्वर्डमधले डॉक्टर रिचर्ड कॅबट हे फार सज्जन गृहस्थ. बिघडण्याच्या वाटेवरच्या मुलाला एक खंबीर, प्रेमळ मोठा माणूस मिळाला तर तो सावरेल, असं त्यांना वाटे. त्यांच्या पुढाकारानं मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि समरव्हिल या शेजारी गावांत १९३९ मध्ये ५०६ मुलांचा प्रयोग सुरू झाला. सारखी मुलं निवडून जोड्या लावल्या आणि नाणं उडवून ठरवलं : जोडीतल्या एकाला मदत, दुसऱ्याला काही नाही. मदत मिळालेल्यांच्या घरी समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा जात, सरासरी पाच वर्षं. शिकवणी, डॉक्टर, खेळ, उन्हाळी शिबिरं, सगळं केलं. आजही एखाद्या संस्थेनं असा प्रस्ताव मांडला तर आपण डोळे झाकून देणगी देऊ.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यातल्या बहुतेकांना शोधून काढलं. मदत मिळालेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी बहुसंख्यांनी प्रेमानं आठवणी सांगितल्या. आपला समुपदेशक भेटला म्हणून आपण वाचलो, असं अनेकजण म्हणाले. मग मॅकॉर्ड यांनी न्यायालयं, रुग्णालयं आणि मृत्यूच्या नोंदी उघडल्या. मदत मिळालेला गट कुठेच सरस नव्हता. उलट पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू यांत तोच पुढे होता. १९७८ मध्ये हे छापून आलं, ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ पडद्यावर आला त्याच वर्षी. दहशतीनं मुलं बिघडतात हे अजून कळायचं होतं; प्रेमानंही बिघडू शकतात हे त्या वर्षीच कळलं.

कारण शोधायला आणखी वीस वर्षं गेली. सगळ्यांत जास्त नुकसान झालेली मुलं होती एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेली. त्या सुमारास ऑरेगनमध्ये टॉम डिशन तेरा-चौदा वर्षांच्या मित्रांच्या जोड्यांना एका खोलीत बसवून त्यांच्या गप्पा चित्रित करत होते. काही जोड्यांत नियम मोडण्याच्या गोष्टी निघाल्या की समोरचा हसायचा, आणि पुढच्या वेळी त्या गोष्टी वाढायच्या. हे हसणं पुढच्या गुन्हेगारीचं भाकीत करत होतं. १९९९ मध्ये डिशन, मॅकॉर्ड आणि फ्रांस्वा पुलाँ यांनी मिळून लिहिलं की अडचणीतल्या मुलांना एकत्र गोळा करून केलेली मदत त्यांना एकमेकांचे शिक्षक बनवू शकते. शिबिरात गुरुजी दिवसभर बोलतात, पण हसतात ते शेजारच्या खाटेवरचे.

उलटही घडवता येतं. १९६९ मध्ये कॅन्ससमधल्या एका शाळेत चौथीच्या वर्गाचे दोन संघ केले. वर्गात गडबड केली की त्या मुलाच्या संघाच्या नावापुढे फळ्यावर खूण. खुणा कमी तो संघ जिंकला, आणि दोन्ही संघ मर्यादेत राहिले तर दोन्ही जिंकले. विनोदवीराला हसणारे आता त्यालाच दटावू लागले, कारण हसण्याची किंमत त्यांना स्वतःला पडत होती. १९८५ पासून हा खेळ बॉल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत खेळवला गेला. ती मुलं विशीला आली तेव्हा, पहिलीत सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, खेळ खेळलेल्या वर्गांतले व्यसन आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वापासून बरेच जास्त बचावलेले दिसले. खर्च किती? खडू.

*

आपल्याकडे या मुलांना एकत्र ठेवण्याची परंपरा जुनी. डेव्हिड ससून यांच्या नावाचं सुधारगृह मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालं. मुंबई बाल अधिनियम १९२४ चा. त्यानंतर तीन वर्षांनी चिल्ड्रेन्स एड सोसायटी आली आणि डोंगरीचं रिमांड होम मुंबईकर आयांच्या धमक्यांत कायमचं जाऊन बसलं. दुसरी परंपराही याच शहरात सुरू झाली, तिची धमकी मात्र कुणी देत नाही. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या समाजकार्य विद्यालयानं, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं, १९३७ मध्ये बाल मार्गदर्शन केंद्र उघडलं, देशातलं पहिलं.

आजचा कायदा २०१५ चा, आणि कागदावर तो मॅकॉर्ड वाचून लिहिल्यासारखा आहे. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. किरकोळ प्रकरणी प्राथमिक माहिती अहवालही नोंदवायचा नाही, फक्त दैनंदिनीत नोंद. मुलाला आरोपी म्हणायचं नाही, गुन्हेगार म्हणायचं नाही. शब्दांनी कलंक लावायचा नाही हे तर कायद्यात तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. म्हणून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा जिभेला कसरत करायला लावणारा शब्द. आमच्या वाड्यातल्या आजींनी ‘खट्याळ’वर भागवलं होतं, पण हेतू तोच.

यातला कणा म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे आणल्यापासून पंधरा दिवसांत तो द्यायचा असतो. घरात कोण, कमाई किती, शाळा कधी आणि का सुटली, मित्र कसले, व्यसन आहे का, मारहाण झाली आहे का, असे ते प्रश्न. ‘लगेच आधी काय झालं’ हे सरकारी भाषेत विचारणारा देशातला हा बहुधा एकमेव अर्ज असावा. तो घरी जाऊन, बसून, चहा घेऊन भरला तर एक चरित्र होतं. कचेरीतच बसून भरला तर ‘वडील मजूर, संगत वाईट’ एवढंच उरतं. वाईट संगतीत पडला म्हणून निरीक्षणगृहात पाठवायचा, आणि तिथली संगत? कायदा वयानुसार वेगळं ठेवायला सांगतो, पण दिन्याच्या पाराला तिथे भिंती आणि तिन्ही त्रिकाळ वेळ मिळतो.

अमेरिकेत स्कॉट हेंगेलर यांनी याला पर्याय काढला : मोठ्या मुलाला संस्थेत न्यायचं नाही, उपचार करणाऱ्यालाच घरी पाठवायचं. त्याच्याकडे एका वेळी चार-सहा कुटुंबं, तीन ते पाच महिने, फोन दिवसरात्र चालू; शाळेत, मामाकडे, मित्रांच्या अड्ड्यावर सगळीकडे तोच जातो. त्यावर पुष्कळ चांगले निष्कर्ष आहेत, पण इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या चाचणीत तो नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरला नाही. तिथली ‘नेहमीची सेवा’ मुळातच बरी आहे, हे त्याचं एक कारण असू शकेल. आपल्याकडे नेहमीच्या सेवेचं काय, हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात मे २०२४ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोघं तरुण गेले आणि मंडळानं जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. खवळणं रास्त होतं. पण निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. वाहतूक पोलिसांसोबत काम करणं आणि समुपदेशन याही अटी होत्या, त्या गदारोळात वाहून गेल्या. लोकांना जे झोंबलं ते वेगळं होतं असं मला वाटतं. झोपडीतल्या पोरानं लोकलमध्ये मोबाइल मारला तर त्याच्या वाट्याला ‘मूल आहे’ ही सवलत किती सहज येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागणी मात्र उलटी निघाली : त्या झोपडीतल्या मुलालाही मूल मानायची नव्हे, तर या मुलालाही मोठा मानायची. सोळा ते अठरा वयातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याची प्राथमिक पाहणी कायद्यात आहेच. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर जाणकार मानसतज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे. गुन्हा करताना मूल किती मोठं होतं, हे काही महिन्यांनंतर एका खोलीत बसून ठरवण्याची कला मात्र मानसतज्ज्ञांकडेही नाही, आणि त्यातले प्रामाणिक असतात ते तसं सांगतात.

दिन्या मला दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. रॉबिन्सबाईंच्या मोठ्या गटातला निघाला. दुचाक्यांचं गॅरेज आहे, दोन पोरं हाताखाली. हवा भरून देतो का म्हणून विचारलं तर खदखदून हसला. चौकीची आठवण मीच काढली. बेड्या, कोठडी, गोंदण यातलं त्याला काहीच धड आठवत नव्हतं. गोंदण तर त्यानं आम्हाला सांगताना रचलं होतं म्हणे. आठवत होतं ते एवढंच की हवालदार ओरडत असताना वडील बाहेर सायकल धरून, त्याच्याकडे पाठ करून उभे होते, आणि ते तसेच सायकलवर बसून निघून जातील असं त्याला वाटत होतं.

तो हे सांगत असताना त्याचा सहा-सात वर्षांचा धाकटा त्याचा सदरा ओढत होता. एकदा, दोनदा, मग भोंगा पसरून. दिन्यानं बोलणं न थांबवता खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्या हातात दिला.